शेजारची निळी बाइक

डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, त्याला आठ दिवस झाले होते. पन्नाशीतल्या विश्रामची बाजूची नजर विझत चालली होती. समोरचं तेवढं नीट दिसायचं.

"रेसच्या ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही," तो बायकोला, वैजयंतीला म्हणाला. "एकदाच जातो, मग बाइक विकून टाकू."

तिला ते पटलं नाही. सोबत मात्र आली.

तिथल्या प्रशिक्षकाने त्याला सकाळच्या पहिल्या तुकडीत ट्रॅकवर सोडलं. सरळ पट्ट्यात त्याने बाइक दोनशेपर्यंत नेली, वळणावर गुडघा डांबराला टेकवला. वीस वर्षांची सवय अंगात जशीच्या तशी होती. हेल्मेटच्या आत तो हसत होता.

तिसऱ्या फेरीत तो उजव्या वळणाला झुकला, तेव्हा अगदी जवळ टायर किंचाळले. एक निळी बाइक ट्रॅक सोडून मातीत उतरली, डगमगली आणि कशीबशी सावरली. ती चालवणारी मुलगी बराच वेळ त्याच्या शेजारीच होती. त्याला ती दिसलीच नव्हती.

डावा हात वर करून तो हळूहळू ट्रॅकबाहेर, गाड्या थांबायच्या पिटमध्ये परतला.

"काका, गाडीत काही बिघाड?" प्रशिक्षकाने विचारलं.

"गाडी उत्तम आहे. माझीच नजर धड नाही. सकाळीच सांगायला हवं होतं मी."

वैजयंतीने त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडला.

"ती मुलगी कुठे असेल?" तो म्हणाला. "तिची माफी मागायचीय."

वैजयंती त्याचा हात धरून गर्दीतून वाट काढू लागली. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याने तो सोडवून घेतला नाही.