सेसिलियाच्या सकाळची चाल

रेमेई तोर्मोच्या पत्राला एलिसेउने आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता. 'आपल्या गावाच्या इतिहासावर मी बँडसाठी रचना करते आहे. यादवी युद्ध संपलं त्या वर्षी, वादकांच्या संत सेसिलियाच्या सणाच्या सकाळी, तुमचा बँड माझ्या आजोबांच्या दारात वाजवायला आला. मागून शिपाई आले. ते येणार हे वाजवणाऱ्यांना आधी ठाऊक होतं का? त्यावर त्या भागाचं संगीत ठरेल.'

उत्तर आलं नाही. मग तिने गावाचं म्हणणं खरं मानलं. बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं, असं गाव म्हणत आलं होतं. तिने आनंदाची चाल लिहिली.

आज तालमीत तीच वाजत होती. एलिसेउच्या ओठांत क्लॅरिनेट होतं आणि डोक्यात आग. झांजा खणखणत होत्या. पुढच्या रांगेतल्या पोरी पायाने ठेका धरत होत्या.

रेमेईचा आजोबा बातिस्त तोर्मो गावातल्या दुसऱ्या बँडचा ट्रॉम्बोनवाला. तो बँड युद्ध जिंकलेल्यांच्या नव्या अधिकाऱ्यांनी बंद पाडला होता. सेसिलियाच्या दिवशी बँड ज्याच्या दारात येतो, त्या नव्या वादकाने वाद्य घेऊन बाहेर यायचं आणि रांगेत शिरायचं. बातिस्तला वाटलं, यांनी आपल्याला घेतलं. इस्त्रीचा सदरा घालून तो हसत बाहेर आला होता.

बँडमास्तर फेर्मीने छडी आपटली. "एलिसेउकाका, मयताला आलोय का आपण? जरा फुलून वाजवा की!"

"ही चाल खोटी आहे."

"घ्या! पंचावन्न वर्षांनी काकांना कंठ फुटला." सगळे खिदळले.

"खोटी आहे म्हणतोय ना!" त्याने समोरचे कागद भिरकावले. स्टँड आडवा झाला. हसू थांबलं. या माणसाचा चढलेला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "लाजा वाटत नाहीत? माणसाला दारातून ओढून नेलं, आणि तुम्ही नाचायची चाल वाजवता?"

"ओरडताय कुणावर?" फेर्मीही भडकला. "बँडची सगळी दप्तरं तुमच्या कपाटात. बाईंनी तुम्हालाच विचारलं होतं ना? तेव्हा का नाही तोंड उघडलंत?"

एलिसेउ उठून चालू लागला. वाटेत त्याने फेर्मीला शिव्या घातल्या, मग रेमेईला, मग अख्ख्या गावाला. घराचा जिना चढेपर्यंत शिव्या घालायला एकच माणूस उरला.

त्याने चार पानं लिहिली आणि फाडली. फार शहाणी वाक्यं होती ती. पाचवं पान परत न वाचता पाकिटात घातलं आणि हातासरशी चौकातल्या पेटीत टाकलं.

त्यात एवढंच होतं: 'आम्हाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तुमच्या आजोबांनी विचारलं, "मी कुठे उभा राहू?" मी सरकून त्यांना माझ्या शेजारी जागा करून दिली.'