फायलीची पहिली ओळ

"कोणाचं काम हे?" शर्मिष्ठा मॅडमनी विचारलं आणि मिहिरने लगेच सर्वेशकडे बोट केलं. इतक्या चपळाईने त्याने चार वर्षांत एकही काम केलं नसेल.

पवईच्या ऑफिसातली मीटिंग रूम. स्क्रीनवर कॅलेंडर उघडलेलं. तारखेवर कितीही क्लिक करा, फॉर्ममध्ये काही उमटेना. तासाभरापूर्वी क्लायंटसमोर हेच झालं होतं.

"याच्या त्या आपोआप कोड लिहिणाऱ्या स्क्रिप्टने वाट लावली, मॅडम," मिहिर म्हणाला. "मी चार दिवस रोज कॅलेंडरची फाइल नीट करतोय. रोज सकाळी याची स्क्रिप्ट चालते आणि माझं काम पुसून टाकते."

सर्वेशने हसू दाबलं. आज हसणं परवडणारं नव्हतं. सहा महिन्यांचं प्रोबेशन आज संपत होतं. पर्मनंट की घरी, ते मॅडम संध्याकाळी सांगणार होत्या. जोगेश्वरीला आईने आगाऊच पेढे आणून ठेवले होते.

"मॅडम, कॅलेंडर एकच आहे, मिहिरने बनवलेलं," तो म्हणाला. "पण आपल्या टीम तीन, तिघींची कोड लिहायची पद्धत वेगळी. एक रिअॅक्टवाली, एक अँग्युलरवाली, एक व्ह्यूवाली. प्रत्येकीला ते आपापल्या रॅपरमध्ये गुंडाळून हवं. आधी तीन माणसं बसून रॅपर हाताने लिहायची, महिना जायचा. माझी स्क्रिप्ट कॅलेंडरचं वर्णन वाचते आणि तिन्ही रॅपर बनवते. फक्त कॅलेंडरचेच नाही, बटणापासून मेनूपर्यंत सगळ्याचे. एकशे चौदा फायली, अकरा सेकंद."

"मग तारीख का जात नाही?"

"कारण तारीख निवडली की बाहेर फॉर्मला कळवायचं, हे मिहिरने वर्णनात लिहिलंच नाही. एक ओळ आहे. ती सोडून हा तयार रॅपर सुधारत बसला. चार दिवस."

त्याने फाइल उघडली. सगळ्यात वर, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत इशारा होता: ही फाइल स्क्रिप्टने बनवली आहे, हाताने बदलू नये.

"ही ओळ वाचली नाहीस का रे?" त्याने मिहिरला विचारलं.

"वाचली ना," मिहिर म्हणाला. "मला वाटलं, ज्युनियर लोकांसाठी असेल."

सर्वेशने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. याच्याकडे मोठ्या कॉलेजची डिग्री होती. आपण हे सगळं काच तडकलेल्या मोबाइलवर शिकलो, ते बरंच झालं म्हणायचं.

त्याने ती एक ओळ वर्णनात टाकली. स्क्रिप्ट चालवली. अकरा सेकंद गेले. मग तारखेवर क्लिक केलं आणि तारीख फॉर्ममध्ये जाऊन बसली. तिन्ही टीमच्या पानांवर.

"झकास," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या तू नसलास तर ही स्क्रिप्ट कोण बघणार?"

"कोणीही. दीडशे ओळींची तर आहे."

"मिहिर, तू बघशील?"

मिहिरने मान खाजवली. "रिस्क आहे, मॅडम. हाताने केलेलं कसं, डोळ्यांसमोर असतं."

मॅडमनी विचार केला. म्हणजे त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं.

"असं करू. स्क्रिप्ट बंद. बनलेल्या फायली ठेवायच्या, छान आहेत. पण त्या हाताने सांभाळायला कोणीतरी पर्मनंट माणूस लागेल." त्या सर्वेशकडे बघून हसल्या. "अभिनंदन."

सर्वेशच्या तोंडून 'थँक्यू' तेवढं बाहेर पडलं.

"आणि मॅडम, ती वरची ओळ," मिहिर म्हणाला. "आता ती बरी नाही दिसत."

"हो रे. सर्वेश, सगळ्यांतून काढून टाक."

"दोन मिनिटांत काढतो. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली की..."

"परत स्क्रिप्ट?" मॅडम उठल्या. "हाताने काढ. शुक्रवारपर्यंत वेळ घे, घाई नाही."

दोघं चहाला गेले. सर्वेश एकटा उरला. फोनवर आईचा मेसेज आला होता, 'झालं का रे? पेढे वाटू?'

त्याने पहिली फाइल उघडली. वरची ओळ खोडली. सेव्ह केलं. उरल्या एकशे तेरा.

मग आईला लिहिलं, 'वाटून टाक. पण कशाचे ते सांगू नकोस.'