ढमीच्या मिशीचा केस

प्रथिनाची रचना कळायची तर आधी त्याचे स्फटिक धरावे लागतात, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडता येतात. राजेश्वरीच्या प्रथिनाला हे मान्य नव्हतं. ते चुऱ्यापलीकडे जाईना. आंबी गावच्या त्या प्रयोगशाळेतले तिचे सहकारी कंटाळून एकेक करून निघून गेले.

अशा वेळी मांजराच्या मिशीचा केस चुऱ्यात बुडवून प्रथिनाच्या नव्या थेंबातून ओढायचा, ही या कामातली जुनी रीत. त्या रेषेवर स्फटिक धरतात. राजेश्वरीने आपल्या मांजरीचा, ढमीचा, जपून ठेवलेला केस घेतला. ढमी दिवाळीत गेली होती. घरी बोलायला तेवढीच होती.

रेषा सरळ ओढली होती. स्फटिक धरले ते मात्र राजेश्वरीच्या खुर्चीकडे वळून. तिने खुर्ची हलवली. सकाळी रेषाही तिकडे वळलेली होती.

"तुमच्याकडंच बघतंय की," चहा घेऊन आलेल्या बयाबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या म्याडम. सोबत हाय."

क्ष-किरणांत स्फटिक टिकत नाहीत. ते मोडायला नकोत म्हणून राजेश्वरीने वरिष्ठांना 'तांत्रिक अडचण' कळवली आणि रोज थेंबाशेजारी बसून डबा खाऊ लागली.

आज रेषा दाराकडे वळली होती.

ढमी अशीच दाराकडे तोंड करून बसायची. राजेश्वरी घरी येताना जिन्यात असली, की तिला आधीच कळायचं.

राजेश्वरी तर खुर्चीतच होती.

बाहेर जिन्यावरून बयाबाईंचा आवाज आला, "या राजेश्वरी म्याडम, आज लय उशीर केला."