चाकावर शेवंती

पांडुरंगानं पिकअप पुरती थांबवायच्या आतच शेवंतीनं दार उघडलं.

"अवो, मडक्यांचा आवा लागलाय! धूर बघा की!"

अठ्ठ्याहत्तर साल. बहारीनचा उन्हाळा तोंडावर आलेला. पाण्याला माठ घ्यावा म्हणून शुक्रवारच्या सुट्टीत दोघं मनामाहून ‘आली’ नावाच्या जुन्या कुंभारगावात आली होती. दोघंही गारगोटीकडच्या कुंभाराघरची. पांडुरंगानं चाक सोडून स्टिअरिंग धरलं होतं. शेवंतीनं जन्मभर माती मळली, राख चाळली, डोक्यावरून मडकी बाजारात नेली. चाकाला मात्र कधी हात लावला नव्हता. त्यांच्यात बाईनं चाक शिवायचं नसतं.

झावळ्यांच्या छपराखाली एक म्हातारा हाजी खड्ड्यात पाय सोडून बसला होता. पायानं चाक फिरत होतं, हातात सुरई वर चढत होती. शेवंती पुढं पुढं सरकत पार त्याच्यासमोर उकिडवी बसली. हाजीनं तिच्याकडं पाहिलं, हसला आणि उठून आपली जागा दाखवली.

"तआली, तआली." ये, बस.

पांडुरंग घाईनं पुढं झाला. "मफी, नगं, हाजी! बाई हाय. आमच्यात चालत न्हाई." निम्मं अरबी, निम्मं हातवारे.

हाजी काहीतरी बोलला. शेवंतीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"काय म्हंत्यात?"

"म्हंतोय, चाकाला काय कळतंय, कोण बसलंय ते."

शेवंतीनं पदर खोचला आणि ती खड्ड्यात उतरली.

पहिला गोळा सुटला तो थेट पांडुरंगाच्या पांढऱ्या शर्टावर. हाजी मांडीवर थाप मारून हसला. तिनं दुसरा ठेवला. माती थरथरली, डुगडुगली, मग हाताखाली एकदम शांत झाली.

"पाय सावकाश!" पांडुरंग कधी गुडघ्यावर बसला, त्यालाही कळलं नाही. "कोपर मांडीला टेकव. आता अंगठा आत. दाबू नगं... वर घे, शेवंते, वर घे!"

माती वर आली. पोट धरलं, गळा आवळला, काठ उमलला. हाजीनं दोऱ्यानं मडकं खालून कापलं आणि आपल्या सुरयांच्या रांगेत नेऊन ठेवलं. एका अंगाला कललेलं होतं.

"वाकडं झालंय जरा," पांडुरंग म्हणाला. त्याच्या कपाळावरही चिखल होता.

"भाजणार कवा, इचारा."

त्यानं विचारलं. "फुडच्या शुक्रवारी. पण त्या दिवशी मला ड्यूटी हाय."

शेवंती चाकावरून अजून उठली नव्हती. तिथूनच म्हणाली,

"मग मी बसनं येतो. कुठली बस येती हिकडं, तेवढं इचारून घ्या."