एक लांब, दोन आखूड

खराटा वाजला. एक लांब, दोन आखूड. नमाज झाल्यावर जानमाजच्या चटईची घडी घालता घालता हासियत थांबली.

"उठली बाई," ती पुटपुटली.

पहाटे दारापुढे झाडायचं, पाणी शिंपडायचं, हे ताश्कंदच्या या जुन्या गल्लीत बायकांचं काम. एरवी कुणाचा खराटा कुणाला ऐकू येत नसे. मोठ्या रस्त्यावरच्या बसगाड्या, दूधवाल्याची हाळी, बाजाराकडे निघालेल्या हातगाड्या, या सगळ्यात तो बुडून जाई. यंदा रोग आला, रस्ते बंद झाले, आणि शहराचा आवाज असा गेला की पाटाचं पाणीसुद्धा ऐकू येऊ लागलं. तेव्हाच हासियतला भिंतीपलीकडच्या मुकर्रमचा खराटा पहिल्यांदा ऐकू आला. मुकर्रमचा उजवा खांदा धरलेला, म्हणून एक लांब, दोन आखूड.

बारा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. हासियतचा नवरा जाऊन नऊच दिवस झाले होते, आणि मुकर्रमच्या दारात मुलाच्या लग्नाचे कर्णे वाजले होते. शेजारी दुखवटा असला तर आधी येऊन विचारायचं, एवढीच रीत. तीही तिनं पाळली नव्हती.

"आई, रोज भिंतीला कान लावता, त्यापेक्षा एकदा हाक मारा की," सून नाफिसा म्हणायची.

"का, तिला तोंड नाही?"

"आहे. तुमच्याइतकंच हट्टी."

रमजानच्या मध्यावर एका पहाटे खराटा वाजलाच नाही. दिवसभर हासियतचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रोजा सोडायची वेळ झाली तरी खजूर हातातच राहिला. दुसऱ्या पहाटे तो वाजला, तेव्हा तिनं अल्लाला शब्द दिला, ईदला आपणच जायचं.

आज ईद होती. तिनं ताजी रोटी रुमालात बांधली आणि फाटकाची कडी काढली. गल्लीत पाऊल ठेवतानाच हाक मारली, बारा वर्षांनी.

"मुकर्रम."

खराटा थांबला. वळून पाहिलं ते मुकर्रमच्या नवऱ्यानं, मीरवली-अकांनी. गल्ली त्यांना अका, म्हणजे थोरला भाऊ म्हणे. अंगात काळा झगा, कमरेला शेला आवळलेला. घरात कुणी गेलं की पुरुष अशी कंबर बांधून दारात उभा राहतो, आणि बायकांचा आक्रोश ऐकून गल्ली धावत येते. या घरातून तर हुंदकाही ऐकू आला नव्हता.

"कधी?" तिनं कसंबसं विचारलं.

"पंधरा दिवस झाले. दवाखान्यातच गेली. मध्ये एक दिवस झाडलं नाही ना, त्या दिवशी माती दिली."

"आणि मला भिंतीपलीकडे पत्ता नाही, अका?"

अकांनी हातातला खराटा पुढे धरला.

"दवाखान्यात जाताना मला शिकवून गेली. एक लांब, दोन आखूड. म्हणाली, हासियतच्या दुःखात आपण कर्णे वाजवले. मी गेले तर आपल्या दुःखाचा आवाज तिच्या रोज्यांत जाऊ देऊ नका."

हासियतनं रोटी त्यांच्या हातात दिली. त्यांच्याकडून खराटा घेतला, दोन हात मारले, आणि मग तिथंच उंबऱ्यापाशी बसली.

शहर गप्प होतं. तिच्या पहिल्याच हंबरड्याला गल्लीतली दारं एकेक करून उघडू लागली.