पलीकडची काच

"काळा रंग मारला की मागचं सगळं गडप," टाकीवाला म्हणाला. "वायरी, शेवाळ, काही दिसत नाही. मासे मात्र असे उठून दिसतात!"

"मागे वायरी नाहीत," अण्णा म्हणाले. "माझी बायको आहे."

टाकीवाल्याने जीभ चावली.

प्रवाळांची ती टाकी बैठक आणि आतली खोली यांच्यामधल्या भिंतीत बसवलेली होती. खालच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं, म्हणून सकाळीच ती पार रिकामी केली होती. मासे, खडक, प्रवाळ, सगळं बैठकीत चार टबांमध्ये होतं. पंपही तिथेच घुरघुरत होते. सांधा भरून झाला होता. आता मागची काच रंगवायची की नाही, एवढंच ठरायचं होतं.

"येणारा प्रत्येक जण माशांच्या आडून आईकडे बघतो," लेक म्हणाली. "केस विंचरल्याशिवाय दारात न जाणारी बाई ती, अण्णा. आता अशी सगळ्यांसमोर?"

"मग तिने दिवसभर काय बघायचं? काळी भिंत?"

सात महिने ती एकाच कुशीवर, टाकीकडे तोंड करून पडून होती. खोलीला खिडकी होती, पण ती पाठीमागे. रोज संध्याकाळी अण्णा विचारत, "काय म्हणतेय मंडळी?" मग ती रंगवून रंगवून सांगे. पिवळा सकाळपासून रुसलाय. पट्टेवाल्या जोडप्याचं भांडण झालं, चूक अर्थातच नवऱ्याची. त्या बातम्यांवर अण्णांचा दुसरा दिवस निघे.

"हल्ली चष्मासुद्धा लावत नाही ती," लेक म्हणाली.

"कानामागे टोचतो तिला. आणि टाकी काय, हातभर तर लांब आहे."

"काय ते आत्ताच सांगा," टाकीवाला म्हणाला. "रिकामी आहे तोवर रंगाचा हात नीट बसतो."

अण्णांनी काचेतून पलीकडे पाहिलं. तिचे डोळे अर्धवट उघडे होते. त्यांनी हात हलवला. ती हलली नाही.

"गोळ्यांची गुंगी," ते म्हणाले. "सकाळी एवढा उपसा केला, तरी जाग आली नाही तिला."

लेक रिकाम्या टाकीकडे बघत राहिली.

"रंग नको," अण्णांनी सांगून टाकलं. "माणसांनी बघू नये असं वाटत असेल, तर माणसांना बोलावू नका. काच तशीच राहील."

टाकीवाल्याने डबा पुन्हा बंद केला. अण्णा आत गेले आणि खाटेच्या कडेला टेकले.

"जाग आली?"

"केव्हाची जागीच आहे." तिने चाचपत त्यांचा हात धरला.

"तुझी लेक ही काच काळी करायला निघाली होती. मी साफ नाही म्हटलं. तुझे मासे तुला दिसायला हवेत."

"बरं केलंत," ती म्हणाली. मग टाकीकडे तोंड करून हसली. "अहो, बघा ना, पिवळा आज कसा बागडतोय."