बेस मॉडेल

“मास्तर, डोळे झाकून टॉप मॉडेल घ्या,” सेल्समन म्हणाला. “ही गाडी स्वतः ब्रेक मारते. समोर काही आडवं आलं की ड्रायव्हरच्या आधी हिला कळतं.”

खरं तर गाडी मास्तरांना घ्यायचीच नव्हती. घ्यायची होती त्यांच्या मुलीला, आणि ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती. पण मास्तरांनी निम्म्या शहराला गाडी शिकवलेली. हा सेल्समनही त्यांच्याच हाताखालून गेलेला, रिव्हर्स घेताना कुणाच्या तरी दारातल्या कुंड्या फोडून. त्यामुळे त्याची मान आपोआप मास्तरांकडेच वळत होती.

“स्वतः ब्रेक मारते?” मास्तर खुर्चीत पुढे सरकले. “मग प्रश्नच मिटला. हीच.”

“बाबा, टॉपला गिअर आपोआप पडतात. मला हातानं टाकायचेत. तसे फक्त बेसमध्येच आहेत, आणि त्याला असा ब्रेक नाही.”

“गिअरचं काय घेऊन बसलीस? ब्रेक बघ, ब्रेक!”

मुलगी अग्निशमन दलात बंब चालवायची. पाण्यानं भरलेलं ते धूड भर बाजारातून असं काढायची की फळवाल्याची पाटीसुद्धा हलू नये. ‘ही आमची बंबवाली’ अशी तिची ओळख करून देताना मास्तरांची छाती फुगायची. पण तेच मास्तर तिच्या शेजारी गाडीत बसले, की त्यांचा उजवा पाय गाडीचा तळ दाबू लागायचा. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या ब्रेकवर गेलेलं. घरच्या गाडीत तिथं काही नाही, तरी वळण आलं की दाब, सिग्नल आला की दाब. त्या बाजूच्या मॅटला भोक पडलं होतं. आईनं ठिगळ लावलं, तर तेही झिजलं.

आज ती स्वतःच्या कमाईनं, स्वतःच्या हौसेची दोन सीटची गाडी घ्यायला आली होती. कुणाला विचारायची गरज नव्हती. तरीही बाबांनी ‘घे’ म्हटल्याशिवाय तिला ती घ्यायची नव्हती. आणि ‘स्वतः ब्रेक मारते’ हे ऐकून बाबांचा जीव भांड्यात पडलेला बघून ती पार हिरमुसली होती.

“आधी बेस चालवून बघते,” ती उठली. “चला बाबा.”

सीट दोनच, त्यामुळे सेल्समनला किल्ली देऊन दारातच थांबावं लागलं. मास्तर वाकून, गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे आत शिरले.

“ही गाडी बसायला आहे की अंगात घालायला?”

मुलीचं सगळं लक्ष डाव्या पायात आणि हातात होतं. पहिला, दुसरा, तिसरा. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. मोठ्या रस्त्यावर तिनं गाडी मोकळी सोडली, मग गोदामांच्या गल्लीकडे वळवली. एरवी अशा वळणावर शेजारून हमखास ठप्प असा आवाज यायचा. आज मास्तरांना सेल्समनच्या कुंड्या आठवल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

“चांगल्या मोठ्या कुंड्या होत्या गं. मी खाली उतरून बघतोय, आणि हा गधडा मला म्हणतो...”

एका गोदामाच्या फाटकातून ट्रकची मागची बाजू एकदम रस्त्यावर आली. मुलीचा पाय ब्रेकवर गेला, हात गिअरवर. गाडी जराही न वळवळता सरळ रेषेत थांबली. ट्रकवाल्यानं ओशाळून हात वर केला. ट्रक बाजूला होईपर्यंत ती थांबली आणि पुन्हा निघाली.

“...म्हणतो, मास्तर, माझी काही चूक नाही, कुंड्या मागून आल्या!” मास्तर स्वतःच्याच गोष्टीवर खो-खो हसले.

मुलीनं सहज खाली बघितलं. बाबा एका पावलावर दुसरं पाऊल टाकून निवांत बसले होते, घरी आरामखुर्चीत बसतात तसे.

“बाबा,” ती म्हणाली. “पाय.”

मास्तरांनी खाली बघितलं. ते पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे बघत राहिले. हसू विरलं.

“मघाशी ट्रक आला होता, नाही का?”

“आला होता.”

“मी बघितला होता,” मास्तर म्हणाले. “चांगला बघितला होता.”

परतीच्या वाटेवर मास्तर खिडकीबाहेर बघत होते आणि पाय होते तिथंच होते.

सेल्समन शोरूमच्या दारातच उभा होता. “काय मास्तर, मग टॉपच ना? ब्रेकचं टेन्शन नको.”

“बेस,” मास्तर म्हणाले. कमरेला हात लावत ते गाडीतून उतरले, पण उभे राहिले ते ताठ. “ब्रेक मारायला आमची बंबवाली आहे.”

मुलीनं मान वळवली. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून ती उगाचच गाडीचा आरसा पुसू लागली.

सेल्समन काय समजायचं ते समजला. “बरं, पण बेसला पायातल्या मॅट मिळत नाहीत हां. तुमच्यासाठी म्हणून एक जोडी मी माझ्यातर्फे टाकतो.”

“जोडी कशाला?” मास्तर म्हणाले. “एकच टाक. तिच्या पायाखाली.”